विश्लेषण : राहण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी बांधलेले घर! आयर्लंडच्या ‘स्विस कॉटेज’कडून महालाने काय शिकावे?

नागपूरच्या महालात तुळशीबाग आहे, केळीबाग रस्ता आहे. बागा नावात उरल्या. जागेवर दुकाने, वाहने आणि रस्ता रुंदीकरणाच्या खुणा दिसतात. शहर वाढू लागले की शोभेच्या जागा आणि शोभेच्या वास्तू आधी जातात. कारण ‘याचा उपयोग काय?’ या प्रश्नाला त्यांच्याकडे सरळ उत्तर नसते. आयर्लंडमधील एका गवती छपराच्या घरावरही अशीच वेळ आली होती. ते घर मुळातच हौसेखातर बांधलेले होते. तरीही ते वाचले आणि आज लोक ते पाहायला जातात. हे घर नेमके कसे आहे, ते का बांधले गेले, कसे वाचले आणि जुन्या वाड्यांच्या महालाला त्यातून काय घेता येईल, याचा हा आढावा.

‘फॉली’ म्हणजे काय?

मूळ फ्रेंच शब्द ‘फोली’. अर्थ वेडेपणा. फ्रान्समध्ये शहराबाहेर हौसेने बांधलेल्या विलासी बंगल्यांनाही हा शब्द वापरत. इंग्रजीत त्याचा ‘फॉली’ झाला आणि बागेत किंवा माळरानावर केवळ शोभेसाठी उभारलेल्या वास्तूला तो चिकटला. खोटा पडका किल्ला, आत काहीच नसलेला मनोरा, मुद्दाम अर्धवट ठेवलेले देऊळ, अशी फॉलीची अनेक रूपे १८ व्या शतकात ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये दिसू लागली. दुरून नजर तिथे जावी आणि बागेच्या चित्राला एक केंद्र मिळावे, एवढेच तिचे काम.

प्रत्येक फॉली निव्वळ उधळपट्टी होती असे मात्र नाही. आयर्लंडमधील ‘कॉनोलीज फॉली’ हा कमानींवर कमानी चढवलेला उंच स्तंभ कॅथरीन कॉनोली यांनी १७४० च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून बांधून घेतला. लखनौचा बडा इमामबाडाही १७८४ च्या दुष्काळातील रोजगारातून उभा राहिला असे सांगतात. इमामबाड्याला धार्मिक उपयोग होता, कॉनोली यांच्या स्तंभाला तोही नव्हता. पण दोन्हींनी मजुरांच्या चुली पेटवल्या.

‘स्विस कॉटेज’ कोणी आणि कधी बांधले?

आयर्लंडच्या दक्षिण भागातील टिपररी परगण्यात केहर नावाचे गाव आहे. तिथे शुअर नदीच्या काठी जुना किल्ला असून, किल्ल्यापासून नदीकाठाने सुमारे दोन किलोमीटर चालत गेले की उंचवट्यावर हे घर दिसते. केहरचे जमीनदार रिचर्ड बटलर यांनी ते १८१० च्या सुमारास बांधले. बटलर पुढे ‘अर्ल ऑफ ग्लेनगॉल’ झाले. घराचा आराखडा जॉन नॅश या नामवंत इंग्रज वास्तुविशारदाचा मानला जातो. केहर गावातील सेंट पॉल चर्चही नॅश यांचेच.

बटलर दाम्पत्याचे राहते घर वेगळे होते. इथे ते आणि त्यांचे पाहुणे येत ते चहापानासाठी, शिकार किंवा मासेमारीनंतरच्या विसाव्यासाठी आणि मुख्य म्हणजे ‘साध्या खेडुतासारखे’ काही तास घालवण्यासाठी. अशा घराला ‘कॉटेज ऑर्ने’ म्हणतात. म्हणजे नटवलेली झोपडी. स्वित्झर्लंडशी या घराचा संबंध नावापुरताच आहे. आल्प्समधील निसर्ग आणि तिथले खेडूत यांची त्या काळच्या उच्चभ्रू वर्गावर मोठी मोहिनी होती, त्या मोहिनीची खूण या नावात राहिली.

बाहेरून हे घर कसे दिसते?

पहिली नजर जाते ती छपरावर. गवताने शाकारलेले हे छप्पर भिंतींवर टोपीसारखे खाली ओढलेले आहे. त्याची वळचण सगळीकडे एका पातळीत नाही. कुठे ती वर उचललेली, कुठे खाली झुकलेली. छपराचे कोपरे टोकदार नसून गोलसर आहेत आणि वरच्या मजल्याच्या खिडक्यांवरून ते भुवईसारखे वळसा घेत जाते.

असे वळण गवतातच जमते. कवेलू किंवा स्लेटचे तुकडे सरळ ओळीत बसतात. दोन पाखी जिथे मिळतात तिथे पन्हाळ काढावी लागते आणि गळती बहुधा तिथेच सुरू होते. गवताचा जाड थर हवा तसा वाकवता येतो. गवत पाणी अडवते ते उतारामुळे. छप्पर साधारण ४५ ते ५० अंशांत उभे असेल, तर पावसाचे पाणी काडीवरून काडीवर घरंगळत वळचणीपर्यंत पोहोचते आणि आतला थर कोरडा राहतो. म्हणूनच ही छपरे इतकी उंच आणि उभी असतात. चांगल्या बोरूचे छप्पर २५ ते ४० वर्षे टिकते. आढ्याची डागडुजी मात्र त्याआधीच करावी लागते.

दुसरी गोष्ट खिडक्यांची. एक खिडकी दुसरीसारखी नाही. आकार वेगळे, तावदानांची मांडणी वेगळी, उंचीही वेगळी. घराची डावी बाजू उजवीशी जुळत नाही. खेड्यातले घर गरजेप्रमाणे वाढत जाते, एका पिढीने खोली काढली, दुसरीने पडवी जोडली, असा भास निर्माण करायचा होता. प्रत्यक्षात सगळे एकाच आराखड्यात, एकाच वेळी ठरवलेले आहे.

तिसरी गोष्ट खांबांची. घराच्या भोवतीच्या ओसरीला तासलेले खांब नाहीत; झाडाचे ओबडधोबड बुंधे आणि फांद्या जशाच्या तशा उभ्या केल्यासारखे दिसतात. भिंतींवर लाकडी जाळ्या आणि त्यांवर चढवलेल्या वेली. घर बांधलेले नाही, ते रानातून उगवले आहे, असे वाटावे.

महालातील जुन्या वाड्यांचे लाकूडकाम आठवले की यातला विरोधाभास लगेच कळतो. वाड्यातला सुतार सागाचा ओंडका घेऊन त्याचा सुरूदार खांब करतो, तुळईखाली हस्त बसवतो, त्याला केळफूल लोंबते ठेवतो. लाकडाचे फूल व्हावे यासाठी त्याचे कसब खर्ची पडते. केहरच्या सुतारालाही कसब लागलेच. पण लाकडाला सुताराचा हात लागलाच नाही असे दिसावे यासाठी.

आणि आतून?

आत शिरल्यावर खेडुताची झोपडी संपते. खाली दोन मुख्य दालने, वर दोन शयनगृहे आणि दोन मजल्यांना जोडणारा गोल जिना. घर लहानच आहे, पण बैठकीच्या दालनातील भिंतींवर पॅरिसच्या जोसेफ दुफूर यांच्या कारखान्यातला भिंतकागद होता. त्यावर इस्तंबूलजवळील बॉस्फरसच्या काठाचे देखावे. हा कागद लाकडी ठशांनी, हाताने, एकेक रंग चढवून छापला जाई. तो त्या काळातला महागडा शौक होता.

स्वयंपाकघर तळघरात ठेवले आहे. नोकरांची ये-जा पाहुण्यांच्या दृष्टीआड राहावी, अशी ही योजना. यजमान स्वतःला साधे शेतकरी म्हणवून घेणार, मात्र चहा आणणारे हात दिसता कामा नयेत. या घराच्या आराखड्यात त्या काळची समाजरचनाच उतरली आहे.

साधेपणाची ही हौस आली कुठून?

१७९४ मध्ये युव्हडेल प्राइस आणि रिचर्ड पेन नाइट या दोन इंग्रज जमीनदारांनी निसर्गसौंदर्याविषयी लिहिलेली पुस्तके गाजली. आखीवरेखीव बाग आणि काटकोनातले घर त्यांना कंटाळवाणे वाटे. खडबडीतपणा, वेडीवाकडी वळणे, शेवाळलेली भिंत, जुने झाड यांत चित्राची मजा आहे, असे त्यांचे म्हणणे. चित्रकाराच्या नजरेने जमीन आणि घर पाहण्याची ही पद्धत ‘पिक्चरेस्क’ म्हणून ओळखली गेली. नॅश यांनी ती विटा-लाकडात उतरवली. १८११ च्या सुमारास त्यांनी ब्रिस्टलजवळ ‘ब्लेझ हॅम्लेट’ या वस्तीत नऊ घरे बांधली. नऊही एकमेकांपेक्षा वेगळी. एका बँकरने ती आपल्या निवृत्त नोकरांसाठी बांधून घेतली होती. तिथे आजही लोक राहतात.

याआधीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण फ्रान्सचे. व्हर्सायच्या राजवाड्याच्या परिसरात राणी मारी आंत्वानेतसाठी वास्तुविशारद रिशार मिक यांनी १७८३ पासून एक खोटे खेडे उभारले. तलावाकाठी गवती छपरांची घरे, दुधाची डेअरी, शेती. नव्या भिंतींना जुनेपण यावे म्हणून त्यांवर रंगाने भेगा काढल्या होत्या. आत मात्र राणीला साजेशी सजावट. काही वर्षांतच क्रांती झाली आणि राणी मारली गेली.

आयर्लंडमध्येही हा विरोधाभास बोचणारा आहे. १८४१ च्या जनगणनेनुसार तिथल्या दर पाच घरांपैकी जवळपास दोन मातीची आणि एकाच खोलीची होती. चार वर्षांनी बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली. झोपडी ही एकाची हौस होती आणि लाखोंची सक्ती. हे घर जपताना हा इतिहासही सोबत सांगावा लागतो. तो वगळला तर उरते फक्त गोंडस चित्र.

त्याच काळात महालात काय चालले होते?

केहरचे घर उभे राहिले तेव्हा नागपुरात दुसरे रघुजी भोसले राज्य करत होते. १८१६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई होऊन भोसल्यांच्या हातून सत्ता निसटली. गंमत अशी की, नेमक्या याच वर्षांत जॉन नॅश इंग्लंडमध्ये ब्रायटन येथे राजपुत्रासाठी घुमट-मिनारांचा ‘हिंदुस्थानी’ महाल रचत होते. आयर्लंडमध्ये शेतकऱ्याच्या घराची नक्कल, ब्रायटनमध्ये हिंदुस्थानच्या महालाची नक्कल आणि इकडे अस्सल महालांचे धनी पराभूत.

तिसरे रघुजी १८५३ मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी राज्य खालसा झाले. १८६४ मध्ये महालातील भोसल्यांचा राजवाडा आगीत जळाला. ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये या वाड्याचे वर्णन जेमतेम एका वाक्यात आटोपते : काळ्या बेसॉल्ट दगडाचा, विपुल लाकडी कोरीव कामाने सजवलेला, जळाला, आणि उरला तो मोठा दरवाजा. ज्या लाकूडकामावरून परिसराला ‘महाल’ हे नाव शोभत होते, त्याचा तपशील त्या एका वाक्यात मावला.

बागांचेही तसेच. जुन्या गॅझेटियरमध्ये भोसलेकालीन बागांची यादी आहे. शहराच्या आत तुळशीबाग, सीताबर्डीला महाराजबाग, बाहेर सक्करदरा, सोनेगाव, तेलंगखेडी. महाराजबाग पुढे वनस्पती उद्यान आणि प्राणिसंग्रहालय म्हणून टिकली. तेलंगखेडीत तलाव, बाग आणि शिवमंदिर आहे. ज्या जागांना नवे काम मिळाले किंवा ज्यांत देव होता, त्या उरल्या. नुसत्या शोभेच्या जागांना असे राखणदार मिळाले नाहीत.

आपल्याकडे ‘फॉली’ म्हणता येईल असे काही आहे का?

काटेकोर अर्थाने फार थोडे. भोसल्यांच्या बागा किंवा अहिल्यानगरचा १६ व्या शतकातील फराहबाग हा राजघराण्याच्या वापराचा भाग होता. फराहबागेचा महाल तलावाच्या मधोमध बांधला होता. तलाव आता कोरडा आहे, त्यामुळे ती वास्तू आज विनाकारण माळावर उभी असल्यासारखी वाटते. नागपूरच्या कस्तुरचंद पार्कच्या मध्यावरील छत्रीवजा वास्तू मैदानाची शोभा म्हणूनच बहुतेकांना ठाऊक आहे. अगदी शब्दशः फॉली हवी असेल तर मुंबईच्या मलबार हिलवरील कमला नेहरू पार्कमधला ‘म्हातारीचा बूट’ आठवावा. इंग्रजी बालगीतातल्या म्हातारीचे बुटाच्या आकाराचे घर. त्यात कोणी राहत नाही, कधी राहिलेही नाही. तरीही तो हटवायचा म्हटले तर मुंबईत किती पिढ्या हळहळतील, याची कल्पना करून पाहावी. उपयोग आणि मोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या बुटाइतके सहज दुसरे काही सांगत नाही.

स्विस कॉटेज वाचले कसे?

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे घर रिकामे पडले होते. गवती छपराच्या घरात रोज माणूस वावरत नसेल तर ऱ्हास वेगाने होतो. एका जागी गवत खचले की पाणी वाश्यांपर्यंत जाते, वासे कुजतात आणि छप्पर आत बसते. त्यात मोडतोड करणाऱ्यांची भर पडली. १९८५ मध्ये केहरच्या स्थानिक नागरिकांनी पुढाकार घेऊन घर ताब्यात घेतले. जुन्या वास्तूंसाठी काम करणाऱ्या ‘आयरिश जॉर्जियन सोसायटी’ने साथ दिली, अमेरिकेतील एका प्रतिष्ठानाकडून निधी आला. आतील सजावटीसाठी प्रसिद्ध आयरिश फॅशन डिझायनर सिबिल कॉनोली यांनी मदत केली. १९८९ मध्ये घर लोकांसाठी खुले झाले. आज आयर्लंडचे सार्वजनिक बांधकाम खाते ते सांभाळते आणि मार्गदर्शकासोबत ते पाहता येते.

यात पैशाइतकेच महत्त्वाचे ठरले ते पुरावे. दुफूरच्या भिंतकागदाचे जे नमुने उरले होते, त्यांच्या आधारे तो पुन्हा साकारता आला. शाकारणीची कला येणारे कारागीर उपलब्ध होते, म्हणून छपराची वळणे पूर्ववत झाली. नमुना नसता आणि कारागीर नसता, तर निधी असूनही तिथे जुन्यासारखे दिसणारे एक नवे घर उभे राहिले असते.

‘उपयोग काय?’ हा प्रश्न कायदा विचारतो का?

नाही. राज्यातील वारसा नियमावलीत वास्तूंची तीन मुख्य श्रेणींत विभागणी होते. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू, दुसऱ्या श्रेणीत प्रादेशिक व स्थानिक महत्त्वाच्या, तर तिसऱ्या श्रेणीत परिसराच्या रूपाला आकार देणाऱ्या. वास्तुकला, सौंदर्य, सामाजिक संदर्भ हे निकष तिथे आहेत. उपयुक्तता हा निकष नाही. मुंबईत १९९५ मध्ये अशी नियमावली आली आणि पुढे इतर शहरांनी तो मार्ग धरला. नागपुरातही वारसा वास्तूंची यादी आणि वारसा संवर्धन समिती आहे.

पण यादीत नाव असणे म्हणजे वास्तू सुरक्षित असणे नव्हे. महालातील बहुतेक जुने वाडे खासगी आहेत. वारस अनेक, वाटण्या रखडलेल्या, काही खोल्यांत जुने भाडेकरू, सागाचे भाव चढे आणि जुने लाकूडकाम दुरुस्त करणारे हात कमी. अशा मालकाला ‘वारसा जपा’ एवढेच सांगणे अन्यायाचे आहे. वारसा वास्तूच्या मालकाला न वापरलेल्या बांधकाम क्षमतेच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, देण्याची तरतूद राज्याच्या नियमावलीत आहे. ती मालकांपर्यंत सोप्या भाषेत पोहोचली आणि वेळेत मिळाली, तरच वाडा पाडणे हा एकमेव व्यवहार्य पर्याय उरणार नाही. केहरमध्येही एकट्या मालकावर भार पडला नव्हता. गाव, संस्था, देणगीदार आणि सरकार असे चौघे पुढे आले.

महालात आज काय करता येईल?

सगळे वाडे वाचणार नाहीत, हे मान्य करूनही एक काम लगेच सुरू करता येते. ते म्हणजे नोंद. १८६४ च्या आगीत राजवाडा गेला तेव्हा हे साधन हाताशी नव्हते; आज ते प्रत्येकाच्या खिशात आहे. वाड्याचा दर्शनी भाग समोरून, सरळ उभे राहून टिपावा. खांब, हस्त, केळफूल, तुळई यांचे जवळून फोटो घेताना शेजारी मोजपट्टी धरावी, म्हणजे पुढे सुताराला मापे काढता येतील. चौक, ओसरी, जिना यांची मापे कागदावर साध्या नकाशात लिहावीत. घरातल्या ज्येष्ठांकडून कोणत्या खोलीला काय म्हणत, हे त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करावे. कोरीव कामावर ऑइलपेंटचा जाड थर देऊ नये, त्याने नक्षी बुजते आणि लाकडातला ओलावा कोंडतो. वाडा पाडायची वेळ आलीच तर निदान एक खांब, एक हस्त, दाराची एक चौकट नाव-पत्त्यासह जपून ठेवावी.

या कामाला परवानगी लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. केहरमध्ये भिंतकागदाचे काही नमुने उरले होते म्हणून एक दालन परत मिळाले. महालात अजून अख्खे वाडे उभे आहेत. त्यांची मापे ते उभे असतानाच घ्यायला हवीत.